एका काट्याचा पासंग

बुधवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कादरभाई वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या घाऊक बाजारात, तीनशे किलोच्या काट्यापाशी उकिडवे बसले होते आणि वीस किलोचं वजन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होते. चांगल्या काट्याला कोपरा कळत नसतो. वजन कुठंही ठेवा, आकडा तोच यायला हवा. तीन कोपऱ्यांत वीस किलो आले. चौथ्यात एकोणीस किलो नऊशे ऐंशी.

“वीस ग्रॅमसाठी सकाळ घालवून राहिले तुमी,” शेजारच्या पोत्यावर पाय हलवत बसलेला देवला म्हणाला. “एवढी हळद तर पोत्याच्या शिवणीतून सांडती.”

“पोत्यातून सांडू दे. काट्यातून सांडू नये.”

“बराबर हाय. काटा तुमचा सोन्याचा, पोतं आमचं फाटकं.”

“तू नको बोलू. तुझा आकडा उद्या यायचाय.”

देवला हसला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. बावीस वर्षं तो या मोंढ्यात मापाडी आहे, म्हणजे काट्यावर उभं राहून पोत्याचं वजन पुकारणारा माणूस. सध्या त्याचा बिल्ला छातीवर नाही, खिशात आहे. पाच आठवडे झाले, त्यानं एकही पोतं पुकारलेलं नाही. उद्या त्याच्या रक्तातल्या एका औषधाचं प्रमाण मोजतील. ते ठरलेल्या हद्दीत आलं तर सोमवारपासून बिल्ला परत छातीवर. नाही आलं तर ऐन हळदीचा हंगाम पोत्यावर बसून. आणि देवलाला या पोत्यावर आणून बसवण्यात कादरभाईंचा हात आहे, हे मोंढ्यात दोघातिघांनाच ठाऊक आहे.

कादरभाई छप्पन्न वर्षांचे. काटेदुरुस्तीचा सरकारी परवाना वडिलांच्या, हाशिम यांच्या काळापासून घरात. बसस्टँडामागं दहा बाय बाराचं दुकान. कळमनुरीच्या सराफापासून डोंगरकड्याच्या किराणेवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे तिथं येतात. कादरभाई बोलायला कमी, पण ‘बराबर’ हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा. काटा बराबर, चहा बराबर, निवडणुकीचा निकाल बराबर.

हाशिम यांनी लेकाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, दोन्ही पासंगाबद्दल. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या पारड्याखाली शिशाचा तुकडा किंवा एखादा खडा बांधतात आणि काटा सरळ करतात. तो तुकडा म्हणजे पासंग. पहिली गोष्ट, पासंग बांधला म्हणजे काटा दुरुस्त झाला असं समजू नये. दुसरी, एका काट्याचा पासंग दुसऱ्या काट्याला लावू नये. दुसरी गोष्ट इतकी उघड होती की कादरभाईंना ती कधी आठवावीच लागली नाही. घोळ तिथंच झाला.

गेल्या दिवाळीच्या सुमारास कादरभाई पहाटे चारला जागे व्हायला लागले. गजर नाही, अजान व्हायला अजून तास, डोळे टक्क उघडे. दुपारपर्यंत जीव नको व्हायचा, संध्याकाळी जरा बरं. जेवण भुशासारखं लागायचं. दोन महिन्यांत सहा किलो उतरले, ते त्यांनी स्वतःच्याच दुकानातल्या काट्यावर पाहिलं आणि काटा तपासून घेतला. काटा बराबर होता.

“रडत न्हाईत, हसत न्हाईत,” बायको जुलेखा म्हणाली, “मग करता काय दिवसभर?”

“बसतो.”

“बसायला काय, पोतंबी बसतं.”

साखर तपासली, छातीचा ईसीजी काढला, पोटात दुर्बीण घालून पाहिली. सगळं ठीक. एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. कादरभाईंनी टेन्शन घेतलं नव्हतं. ते आपण होऊन येऊन बसलं होतं. रिकाम्या इलेक्ट्रॉनिक काट्यानं कधी कधी उणे आकडा दाखवावा, तसा प्रकार. वर काही ठेवलेलं नाही आणि पडद्यावर उणे चारशे.

शेवटी जुलेखानं त्यांना गुरुवारी सरकारी दवाखान्यात नेलं. गुरुवारी हिंगोलीहून मनोविकाराच्या डॉक्टर येतात, पूजा कऱ्हाळे. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं तुटक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी झोप, भूक, सकाळ-संध्याकाळचा फरक असं सगळं विचारलं आणि सांगितलं की हे नैराश्य आहे, आळस नाही आणि पित्तही नाही.

“मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात,” त्या म्हणाल्या. “निरोप नेणारी रसायनं असतात. सिरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन. त्यांचा असमतोल झाला की असं होऊ शकतं.”

असमतोल म्हटल्यावर कादरभाई दोन महिन्यांत पहिल्यांदा ताठ बसले.

“किती ग्रॅमचा?”

“म्हणजे?”

“असमतोल म्हणता तर मोजला असंल. कशात मोजला? वजन कुठलं लावलं?”

जुलेखानं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं.

“मोजलेला नाही,” त्या म्हणाल्या. “जिवंत माणसाच्या मेंदूतलं सिरोटोनिन मोजायचा काटा कुठल्याच दवाखान्यात नाही.”

“मग कमी हाय हे कशावरून?”

“अंदाज होता. साठेक वर्षांपूर्वी काही औषधांनी माणसं बरी होताना दिसली. ती औषधं ही रसायनं वाढवतात. त्यावरून लोकांनी ताडलं की ती कमी पडत असणार. पण पॅरासिटामॉलनं ताप उतरतो म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं, असं होतं का?”

“न्हाई.”

“तसंच. आणि गोळीनं रसायन काही तासांत वाढतं, मन मात्र दोन-चार आठवड्यांनी हलतं. म्हणजे मधे आणखी काहीतरी सावकाश घडत असावं, पेशींच्या जोडण्या बदलत असाव्यात. पूर्ण चित्र अजून कुणाकडं नाही. असमतोल हा सोयीचा शब्द आहे. तुमच्यासमोर वापरायला नको होता.”

“बराबर,” कादरभाई म्हणाले. तपासणीची सरकारी मुद्रा नसलेलं वजन त्यांनी आयुष्यात वापरलं नव्हतं. पण वजनाला मुद्रा नाही हे तोंडावर सांगणारा दुकानदारही त्यांना कधी भेटला नव्हता. त्यांनी गोळ्या घेतल्या.

अठराव्या दिवशी त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “साखर जास्ती झाली.” जुलेखानं ही बातमी शेजारच्या तीन घरांत पेढे वाटावेत तशी सांगितली. अडीच महिन्यांनी माणसानं चवीबद्दल तक्रार केली होती. पुढं झोप सहापर्यंत गेली. जानेवारीअखेर कादरभाई गिऱ्हाइकाला टोमणे मारायला लागले, तेव्हा घरात सगळ्यांना खात्री पटली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बरं वाटलं तरी निदान सहा महिने गोळी सोडायची नाही. पण कादरभाईंच्या धंद्यात काटा शून्यावर आला की तपासणीचं वजन उतरवून ठेवतात. चालत्या काट्यावर वजन कोण ठेवतं? फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गोळी बंद केली. दहा-दहाच्या दोन पट्ट्या उरल्या. त्या त्यांनी कपाटात, पितळी वजनांच्या पेटीत ठेवल्या.

त्याच सुमारास देवला मावळला. तो राहतो डोंगरकड्याच्या वाटेवरच्या बंजारा तांड्यावर. एरवी पहाटेच्या गाडीनं मोंढ्यात हजर होणारा माणूस अकराला यायला लागला. दहा-दहा तास झोपायचा आणि तरी पेंगायचा. सहा-सात भाकरी खायचा आणि उठताना गुडघ्यावर हात टेकायचा.

“कादरभाई, हातापायात शिसं ओतल्यागत झालंय,” तो म्हणाला. “जीव कशातच न्हाई.”

लोखंडी वजनाच्या पोटात शिसंच ओततात. कादरभाईंना वाटलं, हा आपलीच भाषा बोलून राहिला. जीव कशात नाही, म्हणजे आपल्याला झालं तेच. खरं तर यांची झोप उडाली होती, त्याला झोप आवरत नव्हती. यांना जेवण जात नव्हतं, त्याला पुरत नव्हतं. दहा ग्रॅमचा फरक टिपणाऱ्या माणसाच्या नजरेतून एवढा फरक निसटला. दोस्ताकडं बघताना माणूस भिंग लावत नाही.

“हे घे,” त्यांनी वजनांच्या पेटीतून पट्ट्या काढल्या. “माझा काटा यानंच जागेवर आला. रोज सकाळी एक.”

“दवाखान्यात जायचं का आधी?”

“मी जाऊन आलोय की.”

मग होळी जवळ आली. तांड्यावर होळीच्या आधी पंधरा दिवस रात्रीचं लेंगीचं गाणं सुरू होतं. पुरुष गोल धरून नाचतात, गातात. देवला तिसऱ्या दिवशी गोलात उतरला तो बाहेर आलाच नाही. नव्या ओळी रचायचा, डफ दुसऱ्याच्या हाती देईना, पहाटे तसाच मोंढ्यात येऊन दुप्पट वेगानं पोती पुकारायचा. तांडा खूश. तांड्याच्या प्रमुखानं, नाईकानं, पाठ थोपटली. कादरभाई तर मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटत होते.

होळी पेटली, धुळवड झाली, रंग धुतले गेले. तांडा झोपला. देवला झोपेना.

दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हाही होळीनंतर आठवडाभर तो गात होता. तांड्यासाठी सभामंडप बांधतो म्हणून त्यानं खड्डे खणले होते आणि मग तीन महिने खाटेवर पडून काढले होते. लोक म्हणाले, होळी अंगात आली होती, उतरली. होळीत अंगात काय आलंय ते कुणी विचारत नसतं. तांड्यानं आजाराला सण समजून टाळ्या वाजवल्या, तेव्हाही आणि आताही.

सहाव्या दिवशी मोंढ्यात भर सौद्यात देवला काट्यावर चढला.

“हा काटा काढा इथून! माझा हातच काटा!”

त्यानं पोतं दोन्ही हातांनी उचललं. “एकावन्न तीनशे!” कुणीतरी गंमत म्हणून काट्यावर टाकलं. एकावन्न तीनशे. शिट्ट्या वाजल्या. दुसरंही बरोबर निघालं. तिसऱ्याला साडेतीन किलोची चूक झाली, तर देवलानं काटा खोटा ठरवला, आडत्याला चोर म्हटलं आणि शंभर गावांची हळद एकटा मोजून दाखवतो म्हणून पोत्यांच्या थप्पीवर चढून भाषण केलं. बाजार समितीच्या सचिवांनी त्याला खाली उतरवून घेतलं आणि बिल्ला काढायला सांगितलं. डॉक्टरचा कागद आण, मग बघू.

दुपारी देवलाची बायको बेबीबाई दुकानात आली.

“भाई, दारूचा थेंब न्हाई. मी तोंड हुंगून बघितलं. पाच रात्री डोळ्याला डोळा न्हाई. घरातली भांडी वाटली शेजारी. सासू म्हणती बाहेरचं हाय, पुजाऱ्याकडं न्या. तुमी सांगा, न्यावं का?”

कादरभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “उद्यापर्यंत थांबा, वहिनी,” एवढंच ते म्हणाले आणि दुकान बंद करून घरी आले.

जुलेखाला सांगायला त्यांना अर्धा तास लागला, कारण सुरुवात त्यांनी आपली गोळी बंद केली तिथून केली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“हाशिमअब्बा काय सांगायचे?” तिनं विचारलं.

“काय?”

“एका काट्याचा पासंग दुसऱ्या काट्याला कोण लावतं?”

“कुणीच न्हाई.”

“परवानेवाले म्हणे! अब्बांच्या पासंगालाबी पुरणार न्हाईत तुमी.” मग तिचा आवाज थोडा खाली आला. “उद्या गुरुवार हाय. बाईंना सगळं सांगायचं. एकबी गोळी लपवायची न्हाई.”

“त्या काय म्हणतील?”

“म्हणतील ते म्हणतील. तिकडं त्या माणसाचं डोस्कं जळून राहिलं, इथं तुमच्या इज्जतीचा काटा हलून राहिला.”

दवाखान्यात यायला देवला कशाला तयार होईल? त्याच्या मते आजारी मोंढा होता. कादरभाईंनी त्याला सांगितलं की दवाखान्यात माणसं मोजायचा काटा आहे, तो बराबर आहे का नाही हे तपासायला जाणकार पाहिजे. देवला स्वतः रिक्षा थांबवून पुढं बसला.

काट्यावर चढून त्यानं आकडा पाहिला आणि गर्जना केली, “चार किलो कमी दाखवतो! खोटा!”

कादरभाईंनी पिशवीतून दोन वजनं काढून ठेवली. काटा बराबर होता. चार किलो देवलाचेच कमी झाले होते.

आत डॉक्टरांसमोर कादरभाई आधी बोलले. त्यांच्याकडं तारखा होत्या. सात फेब्रुवारीपासून रोज एक, एकूण वीस गोळ्या, मी दिल्या, तुमच्या चिठ्ठीशिवाय. माझी पण बंद केली, चार फेब्रुवारीपासून. बोलून झाल्यावर ते मुद्रा उडालेल्या वजनासारखे बसून राहिले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. “हे सांगितलं नसतं तर मला आठवडा लागला असता शोधायला,” त्या म्हणाल्या आणि बेबीबाईंना दोन वर्षांपूर्वीच्या होळीचं विचारायला लागल्या. खड्ड्यांचं ऐकून त्यांनी मान हलवली.

“दोघंही उदास होतात, पण आजार दोन आहेत,” त्यांनी कादरभाईंना सांगितलं. “तुमचा काटा खालीच अडकला होता. यांचा दोन्हीकडं झुलतो, कधी फार खाली, कधी फार वर. त्याला द्विध्रुवी आजार म्हणतात. आत रसायनांचा खेळही बहुधा वेगळा असावा. नक्की काय बिघडतं हे इथंही पूर्ण कळलेलं नाही. पण अनुभव पक्का आहे. झुलत्या काट्याला नुसती वर ढकलणारी गोळी दिली की तो कधी कधी थेट वरच जाऊन अडकतो.”

“मी ढकलला.”

“होळीच्या जागरणानंही ढकलला असेल. झोप मोडली की असे झटके येतात. सगळं तुमच्या नावावर मांडू नका. पण पुन्हा कुणाला गोळी देऊ नका.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः उठता किती वाजता सध्या?”

कादरभाईंनी जुलेखाकडं पाहिलं.

“साडेचार,” जुलेखा म्हणाली.

त्यांची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

देवला बारा दिवस हिंगोलीला भरती होता. आधी त्याला झोपवलं, शांत केलं, मग लिथियम सुरू केलं. देवलाचा पहिला प्रश्न होता, हे काय असतं. डॉक्टर म्हणाल्या, एक क्षार, मिठासारखा. “मग घरचं मीठ काय वाईट हाय?” देवला म्हणाला. तो सावरत असल्याची ती पहिली खूण होती.

लिथियमची एक अडचण आहे. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. दोन्हींच्या मधली जागा अरुंद, म्हणून ते रक्तात मोजावं लागतं. उन्हाळ्यात घाम गेला, पाणी कमी पडलं की आकडा चढतो. म्हणून देवलाच्या हातात सदा बाटली, जेवणात रोजच्याइतकंच मीठ, आणि डोकं दुखलं तरी विचारल्याशिवाय गोळी नाही.

हे ऐकून कादरभाईंची कळी खुलली होती. “म्हणजे हे मोजता तुमी?”

“मोजतो. लिटरमागं सहा दशांश ते एक, या हद्दीत हवं. त्याचं एकक वेगळं आहे, पण आकडा पक्का आहे.”

“आता कसं! मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं.”

“तुमच्या आजाराचं अजून काही मोजता येत नाही, कादरभाई. यांच्याही आजाराचं नाही. मोजतो ते औषध.”

“औषधाचं तर मोजता ना? बराबर.”

पहिला आकडा चार दशांश आला. कमी. गेल्या गुरुवारी गोळी वाढवली, आणि आठ दिवसांनी दुसरं मोजमाप ठरलं. डॉक्टर म्हणाल्या, आकडा हद्दीत आला आणि झोप अशीच राहिली तर सचिवांना कागद देते.

मोंढ्यात आता पावणेआठ वाजले होते. कादरभाईंनी काट्याची वरची पत्र्याची पाटी उचलली आणि चौथ्या कोपऱ्याखालून बोटभर लांबीचं एक हळकुंड बाहेर काढलं. ते तिथं किती दिवस अडकून बसलं होतं कुणास ठाऊक. पाटी परत ठेवली, वजन ठेवलं. वीस किलो.

“बघा,” देवला म्हणाला. “एक हळकुंड आन् सगळ्या मोंढ्याचा हिशोब तिरपा.”

“तुझ्यात हळकुंड न्हाई सापडलं अजून.”

“तुमच्यात तरी कुठं सापडलं? तुमचं तर मोजूनबी राहिले न्हाईत.”

कादरभाईंनी वजन पिशवीत टाकलं. “रात्रीची गोळी?”

“आठला. बेबीनं भिंतीवर घड्याळ लावलंय नवं. तुमच्यावर भरवसा न्हाई म्हणती.”

“बराबर म्हणती.”

“आन् उद्या आकडा न्हाई आला तर?”

कादरभाईंनी पिशवी खांद्याला लावली. “तर गोळी बदलतील. काटा फेकत न्हाई कुणी. तू काट्यावर उभा न्हाई, तोवर मी तुझ्या शेजारी पोत्यावर बसतो.”

“नका बसू. पोतं फाटंल.”

पहिला सौदा सुरू झाला. नवा मापाडी काट्यावर चढला आणि त्यानं पहिलं पोतं पुकारलं, एकोणपन्नास नऊशे. देवलानं पोत्याकडं पाहिलं, ओठ हलवले. बाटलीतलं पाणी प्यायला.

उद्या गुरुवार. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढतात, म्हणून देवलाचा नंबर सकाळी आठचा आहे. नमुना नांदेडला जाईल आणि आकडा संध्याकाळी बेबीबाईंच्या मोबाईलवर येईल. कादरभाईंची गोळी नाश्त्यानंतर नऊला, ती जुलेखा समोर उभी राहून देते.